हादऱ्यानंतरची कोयना

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती आणि मार्गशीर्षाच्या थंडीत कोयनानगर गाढ झोपेत होतं. धरणाच्या कामासाठी वसलेली ही वसाहत. इथली बहुतेक घरं दगडी भिंतींची होती आणि काही सेकंदांत ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. पावणेदोनशेहून अधिक माणसं दगावली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर दगडमातीच्या भिंती जागच्या जागी बसल्या. हादरा पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. कोयनेची वीज तुटली आणि त्याची झळ मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना पोचली.

धरण मात्र उभं होतं.

ते उभं राहणं किती मोलाचं होतं, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. १०३ मीटर उंचीचं आणि ८०७ मीटर लांबीचं कोयना धरण ही तेव्हाच्या तरुण महाराष्ट्राची मोठी मिरवण्याजोगी गोष्ट होती. सह्याद्रीत पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवायचं, डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला कोकणात सोडायचं, त्या उतारावर जमिनीखालच्या वीजगृहात वीज तयार करायची आणि पाणी शेवटी वाशिष्ठी नदीला मिळवायचं, अशी ही योजना. १९६२ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज मिळू लागली. ‘महाराष्ट्राची जीवनरेखा’ हे बिरूद कोयनेला तेव्हापासूनच चिकटलं. सहा वर्षं झाली नाहीत तोच त्या जीवनरेखेच्या दाराशी प्रेतं मोजायची वेळ आली.

अशा वेळी एखाद्या देशानं काय करावं? अस्मानी संकट म्हणून हात जोडावेत, मदत वाटावी आणि पुढं जावं, हा एक मार्ग होता. राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रकल्प म्हणून त्यातले दोष झाकावेत, हा त्याहून वाईट मार्ग. कोयनेच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. देशाला अभिमान वाटावा असा कोयनेचा खरा इतिहास त्या पहाटेनंतर सुरू होतो.

त्याची सुरुवात कागदावरच्या एका रेघेनं झाली. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत जमिनीच्या हालचालीचा वेग किती झपाट्यानं बदलतो हे टिपणारं एक यंत्र बसवलेलं होतं. भूकंप झाला तेव्हा ते चालू होतं. एरवी सरळ जाणारी त्याची रेघ त्या पहाटे वेडीवाकडी धावली आणि गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट इतका कमाल धक्का तिनं नोंदवला. धरणाचा आराखडा करताना गृहीत धरलेला आकडा होता ०.०५. दोन्ही आकडे मोजण्याची रीत वेगळी असल्यानं त्यांची थेट तुलना नेमकी होत नाही, पण अंदाज किती तोकडा होता हे सांगायला ते पुरेसे आहेत. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ही नोंद अभ्यासली आणि जगापुढे ठेवली. भूकंपाच्या इतक्या जवळ, एका मोठ्या धरणाच्या आतच मिळालेली अशी नोंद त्या काळी दुर्मीळ होती.

तपासणीत धरणाच्या सर्वांत उंच भागांना आडव्या भेगा पडलेल्या आढळल्या. भिंतीचा मागचा उतार जिथं एकदम बदलतो, त्या मानेच्या जागीच त्या होत्या. असं का व्हावं, याचं गणित बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भारतीय वंशाचे अभियंते अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी कोयनेचीच नोंद वापरून मांडलं. जुन्या पद्धतीनं हिशेब केला तर भिंतीत धोकादायक ताण दिसतच नव्हता. हलत्या धरणाचा हिशेब केला की नेमका मानेशी काँक्रीटला न पेलणारा ताण येत होता. चूक कोणा एका मुकादमाची किंवा ठेकेदाराची नव्हती, जगभर धरणं बांधण्याची जी रीत होती तीच अपुरी होती. आजही धरणाच्या भूकंप-विश्लेषणाच्या नामांकित संगणक प्रणालींसोबत सरावासाठी जे उदाहरण दिलेलं असतं, ते कोयना धरणाचं असतं. परदेशातला विद्यार्थी पाटण तालुका नकाशात दाखवू शकणार नाही, पण कोयनेच्या भेगा त्यानं सोडवलेल्या असतात.

दुरुस्ती कागदावर थांबली नाही. भेगांत इपॉक्सी भरलं गेलं, ताणलेल्या पोलादी तारांनी भिंत आवळली गेली आणि उंच भागांना मागच्या बाजूनं काँक्रीटचे भक्कम टेकू देण्याचं काम १९७३ पर्यंत पुरं झालं. हे सगळं धरण वापरात असताना केलं गेलं. पुढं सांडव्याच्या भागालाही बळकटी दिली गेली.

खरा अवघड प्रश्न वेगळाच होता: भूकंप इथं झालाच कसा? दख्खनचं पठार म्हणजे अचल, जुनी, शांत भूमी, असं तेव्हा पाठ्यपुस्तकं सांगत. १९६२ च्या भारतीय मानकातल्या नकाशात हा भाग चक्क शून्य क्रमांकाच्या भूकंप क्षेत्रात होता. धरणामागच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर मात्र परिसरात गडगडाट आणि बारीक धक्के जाणवू लागले होते. १९६३ पासून तिथं भूकंपमापक बसले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या तीनच महिने आधी, पाचच्या वर तीव्रतेचा धक्का बसला. पायाखालची जमीन बोलत होती आणि ते ऐकायला यंत्रंही लागली होती. कमी होता तो त्या बोलण्याचा अर्थ लावण्याइतका अनुभव, आणि तो जगात कोणाकडेच फारसा नव्हता.

तो अर्थ पुढच्या काही वर्षांत लागला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्टा, चीनमधलं शिनफेंगजियांग या धरणांजवळचे भूकंप कोयनेशेजारी ठेवून पाहिले आणि त्यांच्यातली समान लक्षणं शोधली. भूकंपाची ताकद खडकात आधीपासूनच साठलेली असते. जलाशयाचं वजन आणि भेगांतून खोल उतरणाऱ्या पाण्याचा दाब हे फक्त निमित्त होतात. जड लोखंडी पेटी कोरड्या फरशीवर जागची हलत नाही, खाली पाणी गेलं की तीच पेटी थोड्या रेट्यानं सरकते. खडकांच्या जुन्या भेगेवर साधारण तसंच घडतं. कोयनेत पावसाळ्यात जलाशय भरल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, आणि पुन्हा पाणी उतरू लागल्यावर हिवाळ्यात धक्के वाढतात, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसून आलं आहे. १९६७ चा कोयना भूकंप, ६.३ तीव्रतेचा, जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांपैकी जगातला सर्वांत मोठा मानला जातो. १९७० च्या सुधारित नकाशात हा परिसर शून्यावरून थेट चौथ्या क्षेत्रात गेला.

हर्ष गुप्तांचा पुढचा प्रवास इथं सांगण्यासारखा आहे. १९८३-८४ मध्ये अंटार्क्टिकावरच्या तिसऱ्या भारतीय मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं आणि याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे देशाचं पहिलं ठाणं उभं राहिलं. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी ते केंद्राच्या महासागर विकास विभागाचे सचिव होते आणि हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्राची उभारणी त्यांच्या पुढाकारानं सुरू झाली. कोयनेच्या ढिगाऱ्यापाशी सुरू झालेला प्रश्न अशा रीतीनं देशाच्या किनाऱ्यापर्यंत गेला.

दरम्यान कोयनेची वीज थांबली नाही, उलट वाढली. जिथं सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप होऊन गेला, तिथंच शिवाजीसागराच्या काठाखाली चौथ्या टप्प्याचं १,००० मेगावॅटचं काम घेण्यात आलं. १३ मार्च १९९९ रोजी झालेलं ‘लेक टॅपिंग’ अनेकांना आठवत असेल. भरलेल्या जलाशयाच्या तळाशी खालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगानं उडवायचा आणि पाणी आत घ्यायचं, हा आशियातला पहिलाच असा प्रयोग म्हणून गाजला. २५ एप्रिल २०१२ रोजी तो पुन्हा केला गेला. आज कोयनेची स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. आशावाद म्हणतात तो इथं घोषणेत नव्हता. जागा धोक्याची आहे हे माहीत असताना, मोजमाप करून, तिथंच पुन्हा हात घालण्यात तो होता.

यातलं सगळ्यात धाडसी पाऊल गेल्या काही वर्षांतलं आहे. जगात बहुतेक ठिकाणी भूकंप नेमका कुठं होईल हे कोणी सांगू शकत नाही. कोयनेत मात्र बहुतेक धक्के साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यातच येतात, फार खोल नसतात आणि आसपास धक्के देणारा दुसरा पट्टा नाही. म्हणजे भूकंप जिथं जन्मतो तिथपर्यंत भोक पाडून पोचायचं असेल, तर जगात याहून सोयीची जागा मिळणं कठीण. २०११ मध्ये देशोदेशींचे शास्त्रज्ञ त्यासाठी एकत्र आले. आधी दीड-दीड किलोमीटरच्या नऊ विंधनविवरांतून चाचपणी झाली, मग पाटण तालुक्यात गोठणे इथं २०१६-१७ मध्ये ३ किलोमीटर खोल विवर घेण्यात आलं. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बीजीआरएल ही विंधनविवरांच्या संशोधनाची प्रयोगशाळा त्यासाठी कराडजवळ हजारमाची इथं उभी राहिली.

या विवरांतून निघालेले खडकाचे लांबट गोल तुकडे लाकडी पेट्यांत ओळीनं लावलेले पाहिले, की सह्याद्रीची अंतर्कथा उलगडते. वरचा कित्येकशे मीटरचा काळा बेसाल्ट, त्यात जुन्या वाफेच्या पोकळ्यांत भरलेले पांढरे खनिजाचे ठिपके. लाव्ह्याचे थरावर थर. मग हजार मीटरच्या आसपास काळा रंग अचानक संपतो आणि गुलाबीसर-करडा, दाणेदार ग्रॅनाइट लागतो. दोघांच्या मध्ये गाळाचा थर नाही. अब्जावधी वर्षांच्या जुन्या खडकावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थेट येऊन बसलेला आहे. इथला खडक ताणाच्या अगदी कडेवर आहे आणि तीन किलोमीटर खोलीवरही पावसाचं मुरलेलं पाणी सापडतं, असं प्राथमिक निष्कर्ष सांगतात. पुढचा बेत त्याहून खोल जाऊन तिथं कायमची यंत्रं बसवण्याचा आहे.

सांगली जिल्ह्याचा या कथेशी संबंध दुहेरी आहे. शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणा धरण झालं, १९८५ पासून तिथं पाणी साठू लागलं आणि १९९३-९४ मध्ये पाचच्या आसपासचे धक्के दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकले. शास्त्रज्ञ आता ‘कोयना-वारणा’ असं एकत्रच बोलतात. दुसरीकडे, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते आणि त्याच पाण्यावर टेंभू योजना आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कोरड्या शिवारांना पाणी उचलून देते. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे गेली, तेव्हा टँकरांत भरलेलं पाणी कृष्णेचंच होतं आणि उन्हाळ्यात कृष्णेत पाणी राहतं ते मोठ्या प्रमाणात कोयनेतून सोडल्यामुळे.

लातूरचं नाव निघालं की कोयनेच्या धड्याची दुसरी बाजू सांगावीच लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. तिथंही पहाट, तिथंही झोपेतली माणसं, तिथंही दगडमातीच्या जाड भिंती आणि नकाशात सगळ्यात कमी धोक्याचं क्षेत्र. कोयनेनंतर सव्वीस वर्षं हातात होती. धरणांच्या अभियंत्यांनी जे शिकून घेतलं, ते गावच्या गवंड्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आणखी एक हिशेब अजून उघडाच आहे. ज्यांची गावं शिवाजीसागरात गेली, त्यांना सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगावं लागलं. अनेकांच्या जमिनीचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या लोंबकळला. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली हजारो धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले, तेव्हा धरणाला अर्धशतक कधीच उलटून गेलं होतं. प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्त असे दोन्ही दाखले एकाच घराच्या ट्रंकेत असणारी कुटुंबं या खोऱ्यात आहेत. मुंबईला वीज देणाऱ्या या माणसांच्या सहनशक्तीचं कौतुक पुष्कळ झालं, आता त्यांचे सातबारे पुरे झाले पाहिजेत. कोयनेचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकानं ही मागणी आपली मानायला हवी.

कराडच्या प्रयोगशाळेत खोल खडकाचं जे ज्ञान जमतं आहे, त्याचा रोजचा उपयोग पाटण आणि शिराळ्याच्या डोंगरात व्हायचा असेल, तर काम फार अवघड नाही. लहान धक्क्यांची माहिती मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. घरकुलाचा हप्ता देताना जोत्याच्या, दरवाजाच्या आणि छताच्या पातळीवर सिमेंट-सळईचा आडवा पट्टा टाकला आहे का, हे पाहिलं जावं. जुन्या दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार लांब दगड बसवण्याची युक्ती गवंड्यांना शिकवावी, म्हणजे भिंतीचे दोन पदर सुटून येत नाहीत. हे तंत्र किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत आणि मजबुतीकरणात वापरलं गेलं आहे आणि खर्चाच्या मानानं त्याचा गुण मोठा आहे. पाटणच्या प्रत्येक शाळेच्या आणि अंगणवाडीच्या इमारतीपासून त्याची सुरुवात करता येईल.