शिंकांचे मूळ गादीत

ऍलर्जीचा त्रास मुख्यतः नाक, छाती आणि त्वचा या तीन ठिकाणी दिसतो. सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका येणे, नाक चोंदणे ही ऍलर्जिक सर्दी. धाप लागून छातीत सूं-सूं वाजणे हा दमा. अंगावर खाजऱ्या गांधी उठणे हे शीतपित्त. सर्दी आणि दमा पुष्कळदा एकाच रुग्णात आढळतात. एरवी निरुपद्रवी असलेल्या प्रथिनाविरुद्ध शरीर ‘आयजीई’ प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या संपर्कात मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटते आणि ही लक्षणे उमटतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात संशय आधी कारखान्यांवर जातो. तो निराधार नाही. २०१४ साली वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. पण असा वायू कोणालाही बाधतो. तो श्वासमार्गाचा दाह असतो, ऍलर्जी नव्हे. ऍलर्जी ठरावीक व्यक्तींनाच होते; प्रदूषण त्यांचा दमा भडकवते.

मूळ ऍलर्जीकारक बहुधा घरातच सापडतात. धुळीतला माइट हा सूक्ष्म जीव जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. माणसाच्या त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न, तर पाणी तो हवेतल्या दमटपणातून शोषतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. पावसाळ्यात या भागातली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, तेव्हा गाद्या-उशांत त्याची चंगळ होते. ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी चढते. जुलै २०१९ मध्ये बदलापुरात उल्हास नदीचे पाणी घराघरांत शिरले, तशा पुरानंतर हा धोका वाढतो. झुरळांची विष्ठाही दम्याला कारण ठरते. पावसाळा सरता सरता गवताचे परागकण उडू लागतात. गाजरगवताच्या संपर्काने त्वचेवर पुरळ येते. खाद्यपदार्थांत कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, अंडी आणि दूध ही नेहमीची नावे.

निदानासाठी प्रिक टेस्ट करतात. हातावर संशयित ऍलर्जीकारकांच्या अर्काचे थेंब टाकून सुईने हलके टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. ती ३ मिलिमीटर किंवा अधिक असल्यास चाचणी सकारात्मक. मात्र लक्षणे जुळली तरच तिला अर्थ असतो. हिस्टामिनविरोधी गोळ्या डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. निकेल किंवा सिमेंटमधील क्रोमियमची ऍलर्जी उशिरा उमटते, म्हणून तिच्यासाठी पाठीवर ४८ तास पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात.

माइटची ऍलर्जी आढळल्यास चादरी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणे, गादी-उशांना घट्ट विणीची खोळ घालणे आणि ओल व झुरळांचा बंदोबस्त करणे हे उपाय आहेत. सोबत नाकातले स्टेरॉइड फवारे, दम्यासाठी इन्हेलर आणि निवडक रुग्णांना इम्युनोथेरपी दिली जाते.