चौकट : कानांनी शिकार!

वाघोलीत उरलेल्या शेतांत, जुन्या पडक्या घरांत रात्री खसपस झाली, की ती उंदराला महागात पडू शकते. वर बसलेले गव्हाणी घुबड ऐकत असते.

● तबकडीसारखा चेहरा : बदामाच्या आकाराच्या चेहऱ्यावरची ताठ पिसे आवाज गोळा करून कानांकडे वळवतात.

● वर-खाली कान : दोन्ही कानांची छिद्रे एका पातळीवर नसतात. त्यामुळे आवाज डावीकडून की उजवीकडून एवढेच नव्हे, तर किती खालून आला हेही कळते.

● निःशब्द झेप : पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते, वर मखमली लव. उंदराला चाहूल लागत नाही, आणि घुबडाचे ऐकणेही अखंड चालू राहते.

● कागदावर झडप : संशोधक मासाकाझू कोनिशी यांनी अंधाऱ्या खोलीत, आवाज न करणाऱ्या मऊ जमिनीवर उंदीर सोडला, त्याच्यामागे कागदाचा कपटा बांधला. घुबडाने झडप घातली ती सळसळणाऱ्या कपट्यावर!

● वटवाघूळही : आपल्याकडचे मोठ्या कानांचे मांसाहारी वटवाघूळ (मेगाडर्मा लायरा) बेडूक, उंदीर आणि किडे त्यांच्याच हालचालींच्या आवाजावरून टिपते. पनामात एका जातीचे वटवाघूळ तर नर बेडकाची प्रणयसादच ऐकून त्याला उचलते.

लक्षात ठेवा : घुबड अशुभ नव्हे, शेतकऱ्याचा राखणदार आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला मारणे, पकडणे गुन्हा आहे. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्याही जिवावर बेततो. तेव्हा उंदरांचे विष जपून वापरा.