एका धनादेशाचा अर्थविचार

‘एंजल इन्व्हेस्टर’ ही संज्ञा अलीकडे मराठी लेखनात वारंवार येऊ लागली आहे. तिचे शब्दशः भाषांतर केल्यास ‘देवदूत गुंतवणूकदार’ असा शब्द सिद्ध होतो. तो स्वीकारार्ह आहे की नाही हे ठरविण्यापूर्वी, ज्या व्यवहाराचा तो वाचक आहे त्याचे स्वरूप तपासणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे ते पाहावयाचे योजिले आहे.

प्रथम शब्दाचा इतिहास. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर नाटक उभे राहावे म्हणून पदरचा पैसा घालणाऱ्या धनिकास ‘एंजल’ म्हणत. १९७८ च्या सुमारास न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील विल्यम वेट्झेल ह्यांनी नवोदित उद्योगांच्या भांडवलाविषयीच्या आपल्या अभ्यासात हा शब्द योजिला, आणि तो उद्योगव्यवहाराच्या परिभाषेत रूढ झाला. ह्या गुंतवणूकदाराची व्यवच्छेदक लक्षणे तीन: पैसा स्वतःचा असतो, तो उद्योगाच्या अगदी आरंभी दिला जातो, आणि त्याच्या मोबदल्यात व्याज नव्हे, तर मालकीचा हिस्सा मिळतो. पहिल्या लक्षणामुळे तो इतरांचा पैसा गुंतविणाऱ्या संस्थांहून वेगळा ठरतो, तर तिसऱ्यामुळे सावकाराहून.

आता उदाहरणाकडे वळू. अँडी बेख्टोल्सहाइम ह्यांचा जन्म १९५५ मध्ये जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात झाला. १९७४ मध्ये तेथील तरुण संशोधकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना पदार्थविज्ञानाचे पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन ते स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधक विद्यार्थी झाले. तेथे त्यांनी रचलेल्या संगणकाभोवतीच १९८२ मध्ये ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ ही कंपनी उभी राहिली. ‘सन’ हे नाव ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ ह्या शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले. त्यांच्या सहसंस्थापकांत विनोद खोसला होते. खोसला ह्यांचा जन्म पुण्याचा. १९९५ मध्ये बेख्टोल्सहाइम ह्यांनी सन सोडून, स्टॅनफर्डमधील प्राध्यापक डेव्हिड चेरिटन ह्यांच्या सहकार्याने, संगणकांच्या जाळ्यासाठी वेगवान उपकरणे बनविणारी ‘ग्रॅनाइट सिस्टिम्स’ स्थापिली. दुसऱ्याच वर्षी ‘सिस्को’ने ती २२ कोटी डॉलरांना विकत घेतली.

ऑगस्ट १९९८ मध्ये चेरिटन ह्यांच्या पालो आल्टो येथील घरी स्टॅनफर्डचेच दोन संशोधक विद्यार्थी, लॅरी पेज व सर्गेई ब्रिन, ह्यांनी बेख्टोल्सहाइम ह्यांना आपली शोधयंत्रणा चालवून दाखविली. एखाद्या पृष्ठाचे महत्त्व त्याकडे निर्देश करणाऱ्या इतर पृष्ठांवरून ठरवावे, हे तिचे मूलतत्त्व होते. अटींची चर्चा न करता बेख्टोल्सहाइम ह्यांनी ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’ ह्या नावाने १,००,००० डॉलरांचा धनादेश लिहून दिला. परंतु ह्या नावाची कंपनी तेव्हा अस्तित्वातच नव्हती! यास्तव धनादेश काही काळ पेज ह्यांच्या खणात पडून राहिला. ४ सप्टेंबर १९९८ रोजी कंपनीची नोंदणी झाली, आणि मगच तो वटविता आला.

भाषेच्या अभ्यासकास येथे पतंजलींच्या महाभाष्यातील एका दृष्टान्ताचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. एक जण विणकरास सांगतो, ह्या सुताचे वस्त्र विण. विणकर विचारात पडतो: वस्त्र असेल तर ते विणावयाचे उरले नाही, आणि विणावयाचे असेल तर ते वस्त्र नव्हे. उलगडा असा, की येथे ‘वस्त्र’ ही भाविनी संज्ञा आहे. जे विणल्यावर वस्त्र म्हटले जाईल ते विण, असा बोलणाऱ्याचा अभिप्राय. धनादेशावरील ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’ ही अशीच भाविनी संज्ञा होय. किंबहुना, येथे संज्ञेनेच संज्ञीच्या निर्मितीस गती दिली.

तथापि हा केवळ धाडसाचा प्रकार नव्हे. सूत पाहून वस्त्राची कल्पना करण्यास विणकराची नजर लागते. विद्यापीठातील प्रयोग कंपनीच्या रूपाने उभा राहू शकतो, हे बेख्टोल्सहाइम ह्यांनी सोळा वर्षांपूर्वी स्वतः अनुभविले होते. ज्यांच्या घरी ही भेट झाली ते चेरिटन त्यांचे पूर्वीचे भागीदार होते. धनादेश काही क्षणांत लिहिला गेला, पण त्यामागील पारख दोन दशकांची होती. अर्थात, असा पारखीही पुष्कळदा फसतो. अशा रकमांपैकी बऱ्याच बुडतात, आणि यशाची एखादीच कथा आपल्या कानी पडते, हे विसरता कामा नये.

भावी व विद्यमान ह्यांतील हा भेद कायद्यापुढेही प्रश्न उभे करितो. भारतात २०१२ च्या वित्त अधिनियमाने, खाजगी कंपनीने आपल्या भागांच्या रास्त बाजारमूल्याहून अधिक घेतलेली रक्कम तिचे करपात्र उत्पन्न मानली. लोकव्यवहारात ह्या कराचे नाव ‘एंजल टॅक्स’ असे पडले. गुंतवणूकदार भावी वस्त्राची किंमत देत होता. कर आकारणारा हातातील सूत तोलीत होता. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हा कर रद्द करण्याची घोषणा झाली.

आता मूळ प्रश्न. ‘देवदूत’ ह्या शब्दाला मराठीत पावित्र्याचा व निरपेक्ष उपकाराचा गंध आहे. प्रस्तुत व्यवहारात ह्यांपैकी काहीच अभिप्रेत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने बेख्टोल्सहाइम ह्यांच्यावर, एका कंपनीच्या नियोजित खरेदीची गोपनीय माहिती २०१९ मध्ये रोख्यांच्या व्यवहारासाठी वापरल्याचा आरोप ठेविला. आरोप मान्य वा अमान्य न करता त्यांनी सुमारे नऊ लाख डॉलरांचा दंड व पाच वर्षे सार्वजनिक कंपनीत संचालक वा अधिकारी न होण्याचे बंधन स्वीकारले. इतरांच्या आधी जाणणे हेच अशा गुंतवणूकदाराचे सामर्थ्य होय; ते जाणणे स्वतःच्या पारखीचे की विश्वासाने हाती आलेल्या गुपिताचे, ह्यावर त्याचे नैतिक मूल्य ठरते.

मराठीत ह्या संदर्भात ‘पत’ हा समर्थ शब्द आहे. बाजारातील उधारीची योग्यता आणि माणसाच्या शब्दावरील विश्वास, हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. ज्याला अद्याप पत नाही त्याला आपली पत देणे, हे ह्या गुंतवणूकदाराचे खरे कार्य. पर्यायी शब्द घडविताना देवदूतापेक्षा पतीचा आधार घेणे अधिक सयुक्तिक होईल, असे वाटते.