फुप्फुसाचे रोपण आणि परतणारे रक्त

एका मनुष्याचे फुप्फुस दुसऱ्याच्या छातीत बसविण्याचा पहिला प्रयत्न ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील जॅक्सन येथे डॉ. जेम्स हार्डी यांनी केला. रोगी अठरा दिवस जगला. दीर्घकाळ टिकणारे यश मात्र १९८३ मध्ये टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांना लाभले. श्वासनलिकेचा सांधा न जुळणे आणि शरीराने परका अवयव नाकारणे या मोठ्या अडचणी पुष्कळशा आटोक्यात आल्यावर आणखी एक अडचण ठळकपणे पुढे आली. तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

समजा, रायपूरच्या भनपुरी भागातील एखाद्या कुटुंबाने मृत आप्ताची फुप्फुसे देण्यास संमती दिली आणि रोगी मुंबईस आहे. अंतर सुमारे १,१०० किलोमीटर. बर्फाच्या पेटीत फुप्फुस सामान्यतः सहा ते आठ तासच सुरक्षित राहते, असा दीर्घकाळचा दंडक आहे. थंडीमुळे पेशींची गरज मंदावते. ती थांबत मात्र नाही.

रक्त मिळाले नाही म्हणून इजा होते, असे कोणासही वाटेल. ते अर्धेच खरे आहे. मोठा आघात रक्त परतते तेव्हा होतो. साठवणीच्या काळात पेशींत अर्धवट विघटित द्रव्ये साचतात. रक्ताबरोबर प्राणवायू येताच त्यांपासून अतिशय विध्वंसक असे प्राणवायूचे कण निर्माण होतात. भनपुरीच्या कारखान्यात वीज गेल्यावर यंत्रांच्या कळा बंद केल्या नाहीत, तर ती परत येताच सर्व यंत्रे एकदम ओढ घेतात, तसाच हा प्रकार. फुप्फुसाचे एक वैशिष्ट्य असे की, वायुकोशांत हवा असल्याने त्याला प्राणवायूची तितकीशी वाण पडत नाही; तरीही रक्ताचा प्रवाह थांबला, एवढीच गोष्ट केशवाहिन्यांच्या अस्तराला कळते आणि ते बिथरते. मग श्वेतपेशी त्याला चिकटतात, भिंती झिरपू लागतात, वायुकोशांत पाणी भरते. रोपणानंतरच्या पहिल्या बहात्तर तासांत येणारी ही अवस्था आरंभीच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे.

उपाय दात्याच्या शरीरातच सुरू होतो. पूर्वी वापरले जाणारे द्रव पोटॅशियमने समृद्ध असत आणि त्यांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावत. आता अल्प पोटॅशियम व डेक्स्ट्रान असलेला थंड द्रव फुप्फुसातून सोडतात. डेक्स्ट्रान पाण्याला वाहिन्यांतच धरून ठेवते. फुप्फुस हवेने अर्धवट फुगविलेले ठेवतात. पुढे जोडणी पूर्ण झाल्यावर शस्त्रवैद्य फुप्फुस-धमनीवरील चिमटा एकदम न काढता काही मिनिटे हळूहळू सैल करतात. साधीच युक्ती; परंतु तिच्यामुळे नाजूक वाहिन्यांवर दाबाचा घाव बसत नाही.

दुसरा मार्ग स्वीडनमधील लुंड येथील स्टिग स्टीन यांनी दाखविला: फुप्फुस शरीराबाहेर यंत्रावर ठेवून, उबदार द्रव व हवा देऊन त्याची परीक्षा करावयाची. त्यांनी या रीतीने तपासलेल्या फुप्फुसाचे रोपण केल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत आश्चर्य मात्र तापमानाचे. बर्फातील चार अंशांपेक्षा दहा अंश सेल्सिअसवर पेशींतील ऊर्जाघटक अधिक सुस्थितीत राहतात, असे टोरांटोच्या संशोधकांना आढळले. २०२१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डुकरांची फुप्फुसे दहा अंशांवर छत्तीस तास ठेवूनही चांगली चालली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत रात्री मिळालेली फुप्फुसे तशीच दहा अंशांवर ठेवून शस्त्रक्रिया सकाळपर्यंत लांबविण्यात आल्या.