रुग्णालयाची चकचकीत भिंत

शहरातल्या हमरस्त्यांवर अनेक इमारतींना बाहेरून चकचकीत पॅनेल लावलेली दिसतात. बाजारात त्यांना ‘एसीपी’ म्हणतात. इमारत नवी दिसते, रंगाचा खर्च वाचतो. दुकानावर ती असणे वेगळे आणि रुग्णालयावर असणे वेगळे.

या पॅनेलच्या स्वस्त प्रकारात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन, म्हणजे प्लॅस्टिक भरलेले असते. ते जळताना वजनाला वजन जवळजवळ पेट्रोलइतकी उष्णता देते. पॅनेल आणि भिंत यांमधली पोकळी धुराड्याचे काम करते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातली आग अशीच वर चढली आणि ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर ब्रिस्बेनच्या प्रिन्सेस अलेक्झांड्रा रुग्णालयावरील ज्वलनशील आवरण उतरवण्याचे काम हाती घेण्यात आले.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा नवजात बालके दगावली. ती आग आतली होती, बाहेरच्या पॅनेलची नव्हे. पण त्यातून एक गोष्ट कळते: रुग्ण पळू शकत नाही. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण हलवायला तीन-चार माणसे लागतात. तेवढ्या वेळात ज्वाळांआधी धूर पोहोचतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी तळघरातल्या आगीचा धूर काचबंद इमारतीत कोंडला आणि सुमारे ९० जण गेले. म्हणून पॅनेलइतकेच न उघडणाऱ्या काचांकडेही पाहायला हवे.

पॅनेल काढतानाही पथ्य पाळावे लागते. आत रुग्ण असताना त्या भिंतीवर वेल्डिंग किंवा गॅस कटर चालवू नये. तोडफोडीच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. केमोथेरपी घेणाऱ्यांना ते घातक ठरतात. त्या बाजूचे वॉर्ड आधी रिकामे करावेत, खिडक्या बंद कराव्यात. जिना आणि ऑक्सिजन टाकीजवळचे पॅनेल सर्वांत आधी उतरवावेत.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यासोबत रुग्णालयाच्या विश्वस्तांनी आणि अधीक्षकांनी आणखी एक प्रश्न विचारावा: बाहेरच्या पॅनेलच्या पोटात काय आहे? पुरवठादाराकडे कागद नसेल, तर एक तुकडा कापून तपासून घ्यावा. भिंत साधी दिसली तरी चालेल. ती पेटता कामा नये.