भाग १७ : मैदानात किती जण उरलेत? हौशी कबड्डी संघासाठी चढाई आणि पकडीचं गणित

ज्यांना एसटीत, शेतात किंवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'अं' आणि मागे कुत्र्याचं भुंकणं होतं, ते काढून टाकलंय. बाकी सगळं जसंच्या तसं.

[००:४०] आधी माझी चूक

मी मूळचा सोनईचा. आठवडाभर पुण्यात कोड लिहितो आणि जमेल त्या शनिवारी गावी येतो. रविवारी सकाळी आम्ही पंधरा-सोळा जण कबड्डी खेळतो. यात कुणी मोठा खेळाडू नाही. कुणी दूध घालून येतो, कुणी मोबाईलच्या दुकानात बसतो, कुणी मुळा कारखान्याच्या सीझनला उसाच्या ट्रॅक्टरवर असतो. वर्षातून दोन-तीन स्पर्धा खेळायच्या, एवढाच कार्यक्रम.

मागच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात ६५ किलो वजनी गटाची स्पर्धा होती. उपांत्य सामना, कर्णधार मी. तीन मिनिटं बाकी होती आणि आम्ही ३ गुणांनी पुढे. मैदानात आमचे ५, त्यांचे फक्त २. मी बाहेरून ओरडलो, "जा, लोण टाक!"

आमचा चढाईपटू घुसला. दोघांनी त्याला दाबला. त्यांना अव्वल पकडीचे २ गुण मिळाले आणि आघाडी आली १ वर. पुढच्याच चढाईत आमच्या डाव्या कोपऱ्याने एकट्याने घोटा धरायला उडी मारली. कव्हर उशिरा आला, दोघंही बाद, आणि आम्ही १ गुणाने मागे. सामना तसाच संपला.

हरण्याचं काही नाही. पण त्या कोपऱ्याच्या पोराचा गुडघा पिळवटला. तो १९ वर्षांचा होता आणि पोलीस भरतीची तयारी करत होता. १६०० मीटर धावायचं असतं तिथे. त्या भरतीला तो उतरूच शकला नाही. मी "लोण टाक" ओरडलो नसतो तर ती चढाई तशी आलीच नसती, हे डोक्यातून जात नाही. म्हणून आजचा भाग.

[०३:१०] स्कोअरबोर्ड नंतर, माणसं आधी

आपण गुण बघतो. चांगले संघ आधी दोन आकडे बघतात : आपले किती, त्यांचे किती. कबड्डीतले बरेचसे निर्णय या दोन आकड्यांवरून ठरतात, कारण नियमच माणसं मोजून लागू होतात.

समोर ६ किंवा ७ जण असतील तर बोनस रेषेचा गुण मिळतो. ५ किंवा कमी असतील तर मिळत नाही. समोर ३ किंवा कमी असतील आणि त्यांनी तुम्हाला पकडलं, तर त्यांना १ ऐवजी २ गुण, हीच अव्वल पकड. सगळे बाद केले तर लोणाचे २ गुण वेगळे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरी निर्णायक : गुण आणायचा, नाहीतर बाद. आणखी एक गोष्ट हौशी पोरं विसरतात. स्पर्शाच्या गुणाने आपला बाद गडी परत येतो, बोनसच्या गुणाने येत नाही. म्हणजे बाहेर चार जण बसले असताना नुसते बोनस गोळा करून भागत नाही.

(गावोगावच्या स्पर्धांत नियम थोडे बदलतात. सामन्याआधी पंचांना विचारून घ्या. लाजू नका.)

आता माझा सामना परत बघा. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. एक चढाई ३० सेकंदांची. म्हणजे जास्तीत जास्त सहा चढाया, तीन आमच्या, तीन त्यांच्या. आमचे ५ असल्याने त्यांना बोनस बंद. त्यांना जिंकायला तीन चढायांत ४ गुण हवे होते, तेही फक्त स्पर्शाने. आम्ही काय करायचं होतं? आत जायचं, निदान रेषा ओलांडायची, दम संपायच्या आत परत यायचं. दोनदा. तिसरी चढाई निर्णायक आली असती आणि त्यात अव्वल पकड झाली असती, तरी ३ मधून २ गेले, १ ची आघाडी शिल्लक. बचाव नीट राहिला असता तर सामना आमचा होता. रिकामी चढाई म्हणजे भित्रेपणा, असं आपल्याकडे समजतात. तिथे ती आमची सगळ्यात भारी चाल होती.

[०५:४५] चढाई : ३० सेकंदांचे तीन तुकडे

मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे तुमच्या वाट्याला समोरचे साडेसहा मीटर. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. निदान रेषा न ओलांडता आणि कुणाला स्पर्श न करता परत आलात तर तुम्ही बाद.

पहिले दहा सेकंद फक्त बघा. कोण पुढच्या पायावर उभा आहे? कुणाची साखळी सुटली आहे? हात कुणाचे घट्ट धरलेत, कुणाचे नुसते टेकलेत? दुसऱ्या दहा सेकंदांत एक हूल द्या आणि कोण हलतो ते पाहा. जो हुलीला हलतो, तो पुढच्या वेळीही हलणार. शेवटच्या दहा सेकंदांत एकच ठरलेलं काम करा, बोनस किंवा स्पर्श. दोन्हीचा मोह धरला की पाय अडकतो.

बोनस शिकायचा असेल तर अनुप कुमारच्या जुन्या चढाया यूट्यूबवर बघा. २०१५ मध्ये यू मुंबाने त्याच्या नेतृत्वाखाली प्रो कबड्डी जिंकली. त्याच्या चढाईत घाई दिसत नाही. एक पाय बोनस रेषेपलीकडे, मागचा पाय हवेत, वजन परतीच्या बाजूला. उडी वगैरे काही नाही. आपल्या पोरांना जमेल अशी हीच शैली आहे.

समोर तीनच उरले असतील तर साधा हिशेब : स्पर्श झाला तर +१, पकडलो तर -२. म्हणजे तीनदा गेलात आणि दोनदा यशस्वी झालात, तरी बरोबरी. तेवढी खात्री नसेल, आघाडी असेल आणि वेळ कमी असेल, तर रिकामे परत या. मागे असाल किंवा वेळ भरपूर असेल तर लोण टाकायला जा. तेव्हा लोणाचे २ गुण सामना फिरवतात.

[०८:३०] पकड : एकाने धरायची, सगळ्यांनी पूर्ण करायची

आपल्या शेजारच्या शिंगणापूरची घरं बिनदाराची म्हणून प्रसिद्ध आहेत. कबड्डीत मात्र कोपरा उघडा ठेवून चालत नाही. दोन्ही कोपरारक्षक म्हणजे घराची दारं. चढाईपटू आत शिरेपर्यंत ती किलकिली ठेवायची आणि तो वळला की लावायची.

कोपऱ्याचं काम घोटा किंवा गुडघा धरायचं. कव्हरचं काम परतीची वाट अडवायचं, म्हणजे ब्लॉक किंवा धडक. हौशी संघात कोपरा स्वतःला हिरो समजतो आणि चढाईपटू समोर बघत असतानाच उडी मारतो. त्याला आततायी पकड म्हणतात. पकडीची वेळ तीनच प्रसंगी असते : त्याचा पाय लांब पडलाय, त्याची पाठ वळलीय किंवा त्याचे सेकंद संपत आलेत. बाकी वेळी साखळी धरून मागे राहा. त्याला गुण हवाय, तुम्हाला घाई नाही.

आता गुडघ्याबद्दल. घोटा धरणारा जमिनीलगत असतो. कव्हर वेळेत आला तर चढाईपटू मागे ढकलला जातो. कव्हर उशिरा आला तर तो पुढे खेचत राहतो आणि त्याचं सगळं वजन धरणाऱ्याच्या हातापायावर पिळून येतं. आमच्या पोराचं तेच झालं. म्हणून आमच्यात आता नियम आहे : कोपऱ्याने साखळीतल्या शेजाऱ्याचा हात दाबल्याशिवाय उडी मारायची नाही. हात दाबला म्हणजे 'मी जातोय, तू ये'. हा निरोप चढाईपटूला दिसतही नाही.

संघ म्हणून बचाव कसा असतो ते पाहायचं असेल तर पुणेरी पलटणचा दहावा मोसम बघा. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं. पहिलंच विजेतेपद, आणि कर्णधार आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. २८-२५ हा आकडाच सांगतो की दोन्हीकडून फुकट गुण दिले गेले नाहीत. अशा सामन्यात पंकज मोहितेची एक चार गुणांची चढाई किती मोलाची ठरली असेल! अस्लमकडून शिकायचं ते वेगळंच : तो चढाईपटू असूनही पकडीत उतरतो. आपल्याकडे चढाई करून आलेला गडी कंबरेवर हात ठेवून दम खात उभा राहतो. समोरचा चढाईपटू नेमका त्यालाच गाठतो.

[११:२०] राखीव क्षेत्र : सामना फिरवणारी एक मीटरची पट्टी

दोन्ही कडेच्या एकेक मीटरच्या पट्ट्या म्हणजे राखीव क्षेत्र. स्पर्श झाल्याशिवाय तिथे पाय पडला की चढाईपटू बाद. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ ला भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर होता. शेवटी पवन सेहरावत निर्णायक चढाईत स्पर्श न करताच राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. जुना नियम की नवा, यावर वाद पेटला आणि खेळ बराच वेळ थांबला. शेवटी भारताने ३३-२९ ने सुवर्ण जिंकलं. त्या भारतीय संघातही अस्लम होता. आपल्यासाठी धडा एवढाच : चढाईपटू कडेला सरकला की त्याच्यामागे आंधळेपणाने धावू नका. त्याला स्वतःहून बाद होऊ द्या.

[१२:५०] रविवारचा सराव

आम्ही आता तीन गोष्टी करतो.

एक, चालत कबड्डी. पहिली पंधरा मिनिटं कुणीही धावायचं नाही. चालण्याच्या वेगात चढाई, चालण्याच्या वेगात पकड. हात दाबल्यावर कव्हर खरंच हलतो का, ते यात लगेच कळतं.

दोन, रिकामी चढाई. निदान रेषा ओलांडून, २५ सेकंद काढून, कुणालाही न शिवता परत यायचं. पोरांना वाटतं हे सोपं आहे. पहिल्या रविवारी दहापैकी सहा जण पकडले गेले.

तीन, आकडा ओरडणं. बाहेर बसलेल्या एकाने प्रत्येक चढाईआधी मोठ्याने सांगायचं, "पाच-दोन!", "चार-सहा, बोनस चालू!", "दोन रिकाम्या, तिसरी!" दमलेल्या माणसाला मोजता येत नाही. माझाही अनुभव तोच आहे.

हे काम आता तोच करतो, ज्याचा गुडघा गेला होता. सुरुवातीला त्याला खेळायचा हट्ट होता. मी म्हटलं, "लेका, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही." तर म्हणाला, "दादा, मग निदान त्या दिवशीसारखं तरी नको ओरडू. मी ओरडतो, तू ऐक."

गेल्या महिन्यात मी कर्णधार होतो. दोन मिनिटं बाकी, आम्ही २ ने पुढे, समोर तिघे. माझ्या तोंडात "लोण" आलंच होतं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "सहा-तीन! रिकामा ये!"

आमचा गडी रिकामा आला. आम्ही १ गुणाने जिंकलो. पोरगा आता सकाळी हळूहळू धावायला लागलाय, पुढच्या भरतीसाठी.

तुमच्या संघात आकडा कोण ओरडतो? कुणीच नसेल तर या रविवारी एकाला ठरवा. पुढच्या भागात निर्णायक चढाईवर बोलू. तोवर, दम सांभाळा!