वाढत्या वयातील मुलांच्या चेहऱ्याचे अस्थिभंग : उपचारांमागील दृष्टी

प्रस्तावना

मूल पडते, हनुवटी फुटते, दवाखान्यात दोन-तीन टाके घातले जातात आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. आठवड्याभरात जखम भरूनही येते. परंतु काही मुलांच्या बाबतीत हनुवटीवर बसलेला तोच मार जबड्याच्या हाडातून वर जाऊन कानापुढील सांध्यावर आदळलेला असतो. तेथील अस्थिभंग बाहेरून दिसत नाही. तो वेळीच लक्षात न आल्यास पुढे मुलाचे तोंड उघडेनासे होण्याचा धोका असतो.

चेहऱ्याच्या एकूण अस्थिभंगांत मुलांचे प्रमाण साधारणतः १५ टक्क्यांच्या आत, तर ५ वर्षांखालील मुलांचे १ टक्क्याच्या आसपास मानले जाते. संख्या अल्प असली तरी प्रौढांचेच उपचार लहान प्रमाणात करणे म्हणजे मुलांचे उपचार नव्हेत. या भेदाची कारणे व त्यांवर आधारलेली उपचारतत्त्वे यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुलाच्या चेहऱ्याची रचना

जन्मतः कवटी व चेहरा यांच्या आकारमानाचे प्रमाण सुमारे ८:१ असते. प्रौढपणी ते २.५:१ च्या जवळपास येते. म्हणजेच लहान मुलाचा चेहरा मोठ्या कपाळाच्या आडोशाला असतो. गालांवरील चरबीचा जाड थर, सायनसच्या अपूर्ण वाढलेल्या पोकळ्या आणि हाडांची लवचिकता यांमुळेही त्याचे रक्षण होते. ओली फांदी जशी एका अंगाने मोडते व दुसऱ्या अंगाने नुसती वाकते, तसाच मुलांचा अस्थिभंग पुष्कळदा अपुरा असतो. म्हणून साध्या क्ष-किरण चित्रात तो निसटू शकतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे दंतांकुर. दुधाच्या दातांखाली कायमच्या दातांचे अंकुर दाटीने बसलेले असतात. हाडात स्क्रू बसवताना त्यांना इजा झाल्यास येणारा दात सदोष निघतो किंवा येतच नाही.

उपचारांच्या दोन कालमर्यादा

मुलांच्या उपचारांत काळाचा विचार दोन्ही अंगांनी करावा लागतो. एकीकडे हाड झपाट्याने सांधते. ५ ते ७ दिवसांचा विलंबही सरकलेले तुकडे जागेवर आणणे अवघड करतो. प्रौढांत जबडा ४ ते ६ आठवडे स्थिर ठेवावा लागतो, तर मुलांत बहुधा २ ते ३ आठवडे पुरतात. दुसरीकडे चेहऱ्याची वाढ अजून व्हावयाची असते. शस्त्रक्रियेत हाडावरील आवरण विस्तृतपणे सोलले गेल्यास आणि तेथे व्रण राहिल्यास वाढ खुंटू शकते.

म्हणून ‘कमीत कमी हस्तक्षेप’ हे येथील प्रमुख तत्त्व होय. हाड सरकलेले नसेल तर मऊ आहार व निरीक्षण पुरेसे ठरते. खालचा जबडा सरकला असल्यास दातांच्या साच्यावरून ॲक्रिलिकची पट्टी तयार करून ती जबड्याभोवती तारेने बांधतात. कारण ६ ते १२ या वयात दुधाच्या दातांची मुळे झिजत असतात आणि तारेला त्यांचा भक्कम आधार मिळत नाही. टायटॅनियमच्या पट्ट्या अपरिहार्य असतील तेव्हा त्या जबड्याच्या खालच्या कडेला, दंतांकुर टाळून बसवतात व हाड सांधल्यावर अनेकदा काढून टाकतात. शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्यांमुळे दुसरी शस्त्रक्रिया टळते. मात्र त्या जाड व महाग असतात.

जबड्याचा सांधा

सर्वाधिक सावधगिरी येथे हवी. लहान वयात या सांध्याचा माथा मऊ व रक्तवाहिन्यांनी समृद्ध असतो. तो चिरडला गेल्यास सांध्यात रक्त साठते आणि हालचाल थांबल्यास तेथे हाडाचा पूल तयार होऊन सांधा जखडतो. मग मुलाला चावता येत नाही, दात किडतात, हनुवटी मागे राहते, चेहरा वाकडा होतो. दोन्ही सांधे जखडल्यास झोपेत श्वासही अडतो. सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया कठीण असते आणि त्यानंतरही तो पुन्हा जखडू शकतो.

याउलट, वाढत्या वयात या माथ्याची पुनर्घडण होण्याची क्षमता विलक्षण असते. त्यामुळे बहुतेक मुलांत शस्त्रक्रिया टाळतात. दातांची जुळणी बिघडली असल्यास जबडा ७ ते १० दिवसच बांधतात व लगेच तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करतात. बिनखर्चाचा हा व्यायाम कित्येक महिने नेटाने करणे हाच येथे खरा उपचार होय.

तातडीचे अपवाद

संयमाच्या या तत्त्वाला अपवाद आहेत. डोळ्याच्या खोबणीचा तळ मुलांत झडपेसारखा उघडून पुन्हा मिटतो व डोळ्याचा स्नायू त्यात अडकतो. डोळा बाहेरून पांढरा स्वच्छ दिसतो. परंतु वर पाहता येत नाही, उलट्या होतात, नाडी मंदावते. उलट्यांमुळे केवळ मेंदूला मार लागल्याचा समज होण्याचा संभव असतो. येथे एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया आवश्यक असते. नाकाच्या पडद्यात साठलेले रक्तही त्वरित काढावे लागते. अन्यथा कूर्चा नष्ट होऊन नाक बसते.

समारोप

शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आणि घरोघरी मुले पडतच राहणार. हनुवटीला मार लागलेल्या मुलाचे तोंड पूर्ण उघडते का, उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का, दात पूर्वीसारखे जुळतात का आणि कानापुढे दुखते का, हे चार प्रश्न शिक्षक व पालक यांना सहज विचारता येतील. एकाचेही उत्तर शंकास्पद असल्यास तज्ज्ञाकडे जाणे इष्ट. तसेच हाड सांधले म्हणजे उपचार संपले असे न मानता, चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत नियमित तपासणी चालू ठेवली पाहिजे.